आज चिमटा कोणाच्या हातात

भाजीची टोपली घेऊन लमाई थांब्यावर बसली होती. शेजारी वन्ना आणि तिचा धाकटा भाऊ प्रासित बापाच्या बसची वाट पाहत बोलत होते; लमाई ऐकत होती.

"ताई, टेबलावरच्या शेगडीवर आपणच मांस भाजून खायला बाबांना नदीकाठच्या दुकानात नेऊ. चटणी झणझणीत असते."

"पण निखारे धड नसतात. देवळामागे जाऊ."

"तिथला रस्सा म्हणजे नुसतं पाणी!"

"मग चौकातलं?"

"चरबी द्यायला हात आखडतात. मांस तव्याला चिकटतं."

"बाबांना कुठलं आवडतं रे?"

"कोण जाणे. चिमटा त्यांच्याच हातात; ते भाजतात आणि आपल्या वाट्यांत टाकत राहतात."

"त्यांना खाताना पाहिलंयस कधी?"



"दुकान कुठलंही चालेल, ताई. आज चिमटा मी धरणार."

"ते देतील तर!"

बस आली. म्हातारा बाप पायरीवरूनच ओरडला, "पोरांनो, जेवलात का?"