दोराची वाटणी

बाळाबाई : भांडी झाली, पेट्या झाल्या, हातरुणं झाली. आता ह्या पोत्यात काय हाय ते वता. मायाप्पा, जरा हात दे रं, खाली बसते. गुडघं ऐकत न्हाईत.

मायाप्पा : दमानं बस, आये. धरलंय म्या.

बिरप्पा : त्या पोत्याची वाटणी नको. सगळं आण्णालाच देऊन टाक.

बाळाबाई : असं कसं? दोगांनी मिलच्या जादा पाळ्या करून घेतलंय. उद्या चाळ म्हनंल, म्हातारीनं थोरल्याला झुकतं माप दिलं. ह्या कड्या कशाच्या?

बिरप्पा : कॅराबिनर म्हणतात. इथं दाबलं की तोंड उघडतं. दोर आत घातला की आपोआप मिटतं.

बाळाबाई : आन ह्ये खिळं?

मायाप्पा : पिटॉन. खडकाच्या फटीत ठोकायचं. टोकाच्या भोकात कडी अडकवायची, कडीतनं दोर.

बाळाबाई : मेखाच म्हना की. मेंढरं व्हती तवा वाघरीच्या जाळीला लागायच्या तशा. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आन मेखाबी गेल्या. बरं, निम्म्या तुला, निम्म्या त्येला. हातोडी एकच?

मायाप्पा : बिरप्पाला दे. फुडं त्योच चढतुया.

बाळाबाई : आन तू?

बिरप्पा : सांग की आण्णा. आयेला सांग तू काय करतोस ते.

मायाप्पा : मी खाली ऱ्हातो. मेख ठोकून सोताला बांधून घ्यायचं. दोर कमरंभवती घ्यायचा आन ह्यो चढंल तसा सोडत ऱ्हायाचं. त्येला बिले म्हंत्यात.

बाळाबाई : ह्यो घसरला तर?

मायाप्पा : दोर आवळून धरायचा. मग वरच्या मेखंला लोंबकळतो, खाली पडत न्हाय.

बाळाबाई : आत्ता गं बया! मला वाटायचं माकडावानी नुसतंच चढताय. मग दोर कुनाला? मधनं कापू?

मायाप्पा : कापला तर कामातनं गेला. निम्म्या दोरानं काय चढनार?

बिरप्पा : काप तू. मला नको तो. जुन्नरकडच्या सुळक्यावरनं आल्यापासून मी त्याला हात लावला नाही.

बाळाबाई : तवापास्नंच तुमचं बोलनं बंद हाय. आन मी वच्छलाला बोलतीया, सून आली आन भाव फोडलं म्हनून. नळावर, बायकांफुडं बोलले. रडली, पर तोंडातनं शबुद काढला न्हाय तिनं.

बिरप्पा : वहिनीचा काय संबंध? तिला कुणी सांगितलंच नाही काही.

बाळाबाई : मग वड्याचं तेल वांग्यावर काढलं की म्या. काय झालं तितं?

मायाप्पा : जाऊ दे, आये. तू वाटणी कर.

बिरप्पा : मी माथ्यावर पोचलो. मेख ठोकली, स्वतःला बांधलं, आणि आण्णाला वर घ्यायचं म्हणून दोर ओढायला लागलो. सैल दोर वर आला की ताण लागतो, खालच्या टोकाला माणूस बांधलेला असतो ना. लागलाच नाही. दोर येतच राहिला, येतच राहिला, आणि टोक माझ्या हातात आलं.

बाळाबाई : तुटला?

बिरप्पा : तुझ्या मांडीवर आहे. बघ तुटलाय का.

बाळाबाई : धड हाय की.

मायाप्पा : माझी मेख हलत व्हती, आये! ह्यो घसरला असता तर मलाबी घिऊन गेला असता. लेकरं हायत मला. ह्येचं काय, सडाफटिंग.

बिरप्पा : मग ओरडायचं होतंस. मी थांबलो असतो, तू दुसरी मेख ठोकली असतीस. पायाखाली बोटभर जागा होती माझ्या. तिथनं विचारलं मी, आण्णा, बिले आहे का?

बाळाबाई : मायाप्पा, काय म्हनलास तू?

मायाप्पा : म्हनलो, धरलंय म्या. चढ.

बाळाबाई : दोर सोडल्यावर?

मायाप्पा : सोडल्यावर. न्हाय म्हनलो असतो तर तितंच हातपाय गळालं असतं त्येचं.

बिरप्पा : हे तुला घरी आल्यावर सुचलं.

(मिलचा भोंगा वाजून थांबतो.)

बाळाबाई : दोर कापायचा न्हाय. वच्छलाला दे. धुनं वाळत घालंल. लई बोलले म्या तिला.

मायाप्पा : आन तू? माझ्याकडं ऱ्हायाचं ठरलंय तुजं.

बाळाबाई : ठरलंय की. येते.

मायाप्पा : मग ऊठ. दे हात, धरतो.

बाळाबाई : ऱ्हाऊ दे, बाबा. भिंत हाय हितं. भिंतीला धरून उठते.