बारावा घोडेस्वार

हेमलता : परत मोजा.

प्रेमराज : तीनदा मोजलं, हेमा. घोडे बारा, स्वार अकरा.

हेमलता : म्हणजे एक गेला.

प्रेमराज : गेला म्हणजे कुठे जाणार? पडला असेल टेबलाखाली.

हेमलता : टेबलाखाली टॉर्च लावून पाहिलं. कॉटखाली पाहिलं, कूलर सरकवून पाहिला. आणि सकाळी टेबलाखाली कोण होतं? ही. काल तुमच्या चपलेचा पट्टा चघळत होती ती.

प्रेमराज : अकरा महिन्यांची पोर एवढी मोठी वस्तू कशी गिळेल?

हेमलता : मोठी? बोटाच्या पेराएवढा तो माणूस! परवाच मी म्हणाले होते, घोडा आणि माणूस चिकटवून टाका. घोड्यासकट तरी तोंडात जाणार नाही.

प्रेमराज : आधी चिकटवला तर मांडीखाली ब्रश पोचत नाही. घोडा वेगळा रंगवायचा, स्वार काडीवर खोचून वेगळा रंगवायचा, मग वर बसवायचा. सगळे असंच करतात.

हेमलता : सगळे कोण? वरणगाव फॅक्टरीच्या सगळ्या क्वार्टरांत रोमन सैन्य रंगवणारे तुम्ही एकटे!

प्रेमराज : भुसावळला मोईज आहे.

हेमलता : मोईजभाईंचं लग्न झालेलं नाही. त्यांनी हत्ती रंगवावेत नाही तर उंट. त्यांच्या घरात रांगतं कोण?

प्रेमराज : ही बघ, काडी इथेच आहे. वरचा निसटलाय फक्त. दुपारी सापडेल.

हेमलता : दुपारी? अहो, हिच्या तोंडाकडे बघा. ओठाला लाल लागलंय. हनुवटीलापण.

प्रेमराज : बघू. थांब, उजेडात आण. हा माझा लाल नाही.

हेमलता : लाल म्हणजे लाल!

प्रेमराज : नाही गं. झग्याच्या लालमध्ये मी तपकिरी मिसळतो. सावलीसाठी. हा सरळ लाल आहे.

हेमलता : देवा! पोरीच्या पोटात शिपाई आहे आणि हा माणूस छटा बघतोय. त्यात शिसं असतं का? खरं सांगा.

प्रेमराज : नवीन मूर्तींत नसतं.

हेमलता : आणि या?

प्रेमराज : या मोईजने कुणाकडून तरी जुन्या आणल्यात.

हेमलता : झालं! गाडीची किल्ली घ्या. भुसावळला जाऊन एक्स-रे काढू. उलटी करवायची नसते, हे मी वाचलंय. पाणी पाजायचं की नाही ते काही वाचलं नाही. आईंना हाक मारा, कधीच्या गच्चीवर पापड घालतायत.

(बेबाबाई गच्चीवरून खाली येतात. हातांना पापडाचं पीठ.)

बेबाबाई : काय व्हयनं वं माय? वरलोंग आवाज ई ऱ्हायना.

हेमलता : आई, जुईने यांचा शिपाई गिळलाय.

बेबाबाई : कोना शिपाई?

प्रेमराज : माझा, आई. घोड्यावरचा. एवढासा. अंगावर लाल झगा, पाय असे फाकलेले.

बेबाबाई : एक हात वर करेल शे?

प्रेमराज : हो! तू पाहिलास?

बेबाबाई : तो शिपाई कसाना? देव शे तो.

हेमलता : आई, तो कुठे आहे एवढंच सांगा. पोटात नाही ना?

बेबाबाई : पोटमा काब्रं जाई? देव्हारामा शे. सकाळे झाडताना माले सापडना. देव केरमा पडेल व्हता, मी काय सुपडीमा भरू? मी त्याले धवा, पुसा, हळद-कुंकू वाहं. जुईना हात लावा त्याना पायले. तिनी ते बोट चाटी टाकं. कुंकूच शे ते, नको घाबरू.

हेमलता : कुंकू.

प्रेमराज : मी म्हणालो होतो, माझा लाल नाही.

हेमलता : तुम्ही गप्प बसा! तुम्ही एक शब्द बोलू नका. आई, अहो, मी दवाखान्यात निघाले होते. सगळं घर उलटंपालटं केलं. सांगायचं ना कुणाला तरी!

बेबाबाई : तू अंगोळले गयथी. आनि हाऊ कानमा बोंडं घालीसन रंगाडी ऱ्हायंथा. कोनले सांगू?

प्रेमराज : आई, तू याला धुतलंस? कशाने?

बेबाबाई : चिंच लाईसन. मंग दूध लाईसन.

प्रेमराज : चिंच! त्या झग्याला मला चार दिवस लागले, आई. डोळ्यांत पांढरा ठिपका दिला होता, एका केसाच्या ब्रशने. आणि त्यावर हळद? दे, काढून दे. रविवारी टेबलावरच्या लढाईत मोईजचे हत्ती येणार आहेत समोर. हा सगळ्यांचा सरदार आहे.

बेबाबाई : मंग आमनाबी सरदारच शे. जाय, दख तरी कोठे बसाडेल शे.

प्रेमराज : (देव्हाऱ्यात डोकावून) हा तर आपल्या पितळी घोड्यावर बसलाय.

हेमलता : कुठला? तो रिकामा? मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. मला वाटायचं, नुसता घोडाच पुजायची रीत असेल तुमच्याकडे.

बेबाबाई : रीत कसानी? खंडेराव व्हता त्यावर. येगळा व्हता, वरतून बसाडाना. भडगावले गिरणा नदीनं पानी घरमा घुसनं, त्या सालले देव वाही गया. घोडा चिखलमा रुतना म्हनीसन सापडना. सोळा वरीस व्हई गयात. दर रईवारले मी रिकामा घोडालेच हळद वाहस.

प्रेमराज : मग नवा देव का नाही आणलास? मला सांगितलं असतंस तर जेजुरीहून आणला असता.

बेबाबाई : आना व्हता ना. तीन दाव आना तुन्हा बाप व्हता तव्हय. एकबी बसना नही. कोनी मोठा, कोनी कलंडे. हाऊ ठेवा आनि एकदम बराबर बसना. हालतबी नही.

प्रेमराज : बसणारच. रोमन लोकांना पाय ठेवायला रिकीब नव्हती. मांड्यांनी घोडा धरायचे ते.

बेबाबाई : मन्हा घोडालेबी रिकीब नही शे.

प्रेमराज : हेमा, तू सांग ना हिला. तो रोमचा आहे.

हेमलता : मी काही सांगणार नाही. दोन वर्षांत त्या टेबलावरची एक वस्तू या घरात कुणाच्या उपयोगी पडली, ती पहिल्यांदा. शिवाय देव्हारा उंच आहे. जुईचा हात पोचत नाही.

प्रेमराज : अगं, पण—

हेमलता : पण नाही. उरलेले अकरा आजच झाकणाच्या डब्यात जातील, डबा कपाटावर. काड्या, ब्रश, रंग, सगळं. आणि आई, तुम्ही घरात काही सापडलं की आधी मला दाखवायचं. देव असला तरी.

बेबाबाई : दाखाडसू माय. प्रेमराज, एक सांग. त्याना वरला हात रिकामा काब्रं शे?

प्रेमराज : भाला लावायचा राहिलाय.

बेबाबाई : कोठे शे भाला?

प्रेमराज : माझ्याकडे. पाकिटात.

बेबाबाई : मंग लाय. तठेच लाय, खाले नको काढू त्याले.

हेमलता : आणि डिंकाच्या बाटलीला झाकण लावा लगेच.

प्रेमराज : लावतो. आता हा बारावा घोडा मी काय करू, आई? रिकामाच राहिला.

बेबाबाई : ऱ्हाऊ दे रिकामा. मी ठेवा ना सोळा वरीस?