कोव्हॅचबाई आणि आर्वोची गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्लेट हार्बरचे नगराध्यक्ष माननीय हॅरल्ड प्रिंगल, व्यासपीठावर विराजमान असलेले अग्निशमन दलाचे प्रमुख श्री. डोनेली, ॲक्रनहून मुद्दाम वेळ काढून आलेले आमचे पाहुणे, दर उन्हाळ्यात आपली पाठ आणि आपलं गॅरेज उताराच्या शर्यतीला वाहून टाकणारे आईवडील, डोक्यावरचं हेल्मेट न काढताच जेवायला बसलेले आमचे बालचालक, आणि जिच्या... क्षमा करा, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, श्रीमती व्हर्ना कोव्हॅच, म्हणजे तुमच्याआमच्या कोव्हॅचबाई. आपणा सर्वांना या आयली हौतालाचा मनापासून नमस्कार.

समितीने मला सांगितलं, "भाषण तू कर, तू त्यांची विद्यार्थिनी." मी म्हटलं, अहो, या सभागृहात त्यांचा विद्यार्थी नाही असा आहे तरी कोण? डोनेलीसाहेबांनासुद्धा बाईंनी एकदा पेंढ्याच्या गठ्ठ्यातून पाय धरून बाहेर ओढलंय. साहेब, हसू नका, माझ्याकडे फोटो आहे.

पाहुण्यांसाठी दोन शब्द सांगते. आमच्या गावातले निम्मे पुरुष सरोवरातल्या मालवाहू जहाजांवर असतात. हिवाळ्यात ईरी सरोवर गोठतं, जहाजं धक्क्याला बांधली जातात आणि वडीलमंडळी घरी येतात. मग तळघरातून हातोड्यांचे आवाज सुरू होतात. बाप शिकवतो, लेकरू उतारावरून सोडायची लाकडी, बिनइंजिनाची गाडी बांधतं. बर्फ फुटला की जहाजं सुटतात, आणि चर्चच्या उतारावरची शर्यत असते जूनमध्ये. म्हणजे गाडी तयार, चालक कच्चा आणि बाप पाण्यावर. मग त्या पोराला उतारावरून सरळ खाली यायला शिकवायचं कुणी? आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवारी बसच्या आवारात दुसऱ्यांच्या पोरांना चालक करायचं, हे काम बाईंना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते उचललं.

काय म्हणताय बाई? "मुद्द्यावर ये"? येते, येते. बसमध्येही असंच करायच्या त्या. आम्ही गाणं म्हणायला लागलो की नेमका दुसऱ्या कडव्याला ब्रेक.

मला सांगायचंय ते माझ्या भावाबद्दल, आर्वोबद्दल. तो आज इथेच बसलाय आणि त्याची परवानगी घेऊनच बोलतेय. त्या वर्षी तो तेरा वर्षांचा होता, मी दहाची. तो सबंध हिवाळा बाबांनी आणि त्याने तळघरात काढला. मला आत यायची मुभा होती, पण फक्त बॅटरी धरायला. बाबांच्या जहाजाच्या हिरव्या रंगाचा एक डबा उरला होता, तोच गाडीला लावला. इतकी देखणी गाडी मी त्याआधी पाहिली नव्हती. जाताना बाबा आर्वोला म्हणाले, "जहाज जूनमध्ये आपल्या धक्क्याला लागलं तर येतो बघायला. नाही लागलं तर फोनवर सगळं सांगायचं, अगदी पहिल्या इंचापासून."

बाबा गेले आणि आर्वो वाढायला लागला.

तुम्ही हसताय, पण आमच्या घरात तेव्हा कुणी हसत नव्हतं. एप्रिलमध्ये त्याच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या. मे महिन्यात आईने दुधाचा पेला पुढे केला की तो म्हणायचा, "नको." "अरे, का नको?" "नकोच." दूध प्यायलं की उंची वाढते, असं शाळेत शिकवलं होतं ना! बिचाऱ्याने दूध सोडलं, पोक काढून चालायला लागला, पण हाडं कुणाचं ऐकतात का?

एका शनिवारी बाईंनी त्याला गाडीत बसवलं. तो बसला कसला, कोंबला. हेल्मेट गाडीच्या कडेच्या बरंच वर आलं होतं. आवाराला जो जरासा उतार आहे तिथून त्यांनी गाडी हळूच सोडली आणि ओरडल्या, "डावीकडे घे!" आर्वोने स्टीअरिंग फिरवलं, ते त्याच्या गुडघ्यांना अडलं आणि गाडी तशीच जाऊन अडवायला रचलेल्या पेंढ्यात घुसली.

बाई शांतपणे तिथवर गेल्या. "काय झालं?"

"गुडघे," तो म्हणाला.

"इथे पेंढा होता. चर्चच्या उतारावर माणसं उभी असतात."

"मागची फळी कापून सीट मागे घेतली तर?"

"कापता येईल. कापायची?"

तो बराच वेळ त्या हिरव्या रंगावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाही. बाबांनी मापं घेऊन केलीय."

"मग ती तळघरात ठेवून तिच्याकडे बघत बसायचं, की उतारावरून खाली आणायची?"

आर्वोने माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाला लटकून सफरचंद खात होते. "आयली बसेल तीत," तो म्हणाला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, मंडळी! आजतागायत विचारलेलं नाही.

पण नियम आडवा आला. तो तुम्हाला ठाऊक आहेच: जो चालवणार, त्यानेच बांधायची. बाईंना वाटलं असतं तर त्यांनी डोळेझाक केली असती. लहानसं गाव, बाप जहाजावर, कोण विचारणार होतं? बाई समितीकडे गेल्या आणि निकाल घेऊन आल्या. गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करायची आणि आयलीने ती पुन्हा बांधायची, आर्वोने हात लावायचा नाही.

विचार करा. ज्या मुलाने बापाच्या शेजारी बसून एकेक बोल्ट आवळला, त्याच्यासमोर त्याची दहा वर्षांची बहीण तो बोल्ट सोडवतेय, आणि तीही उलट्या दिशेने पाना फिरवून. बाईंनी त्याला दोन्ही हात खिशात घालायला लावले होते. म्हणाल्या, "तोंड चालेल. हात नाही."

आणि तोंड काय चाललं म्हणून सांगू! "अगं डावीकडचा आधी! डावा कुठला तेही कळत नाही? पाना असा धरतात? चमचा आहे का तो?"

गाडीच्या नाकाची फळी बसवताना मी थेट स्क्रू पिळायला घेतला आणि फळी चर्रकन तडकली. आर्वोचा चेहरा पांढरा पडला. तो आवाराबाहेर निघून गेला. मी रडायला लागले. मला वाटलं, आता बाई त्याला समजवायला त्याच्यामागे धावतील. बाईंनी फक्त नवी फळी आणून माझ्यासमोर ठेवली आणि आपल्या बसच्या काचा पुसायला गेल्या.

बऱ्याच वेळाने आर्वो परत आला. डोळे लाल. हात मात्र खिशातच. "आधी बारीक भोक पाडायचं असतं, वेडे," तो म्हणाला. "मग स्क्रू. बाबांना मलाही दोनदा सांगावं लागलं होतं." तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि केबल कुठून जाते, ब्रेकचा पट्टा किती ढिला ठेवायचा, आसाला तेल किती आणि चाकाला का नाही, सगळं सांगत राहिला. शिकवता शिकवता त्याचा आवाज हुबेहूब बाबांसारखा व्हायला लागला. मी तसं म्हटलं तर खेकसला, "फळीकडे बघ."

गाडी उभी राहिली, नव्या फळीला डब्यातला उरलेला हिरवा रंगही लागला. मग बाईंनी मला ताब्यात घेतलं. स्टीअरिंगशी झटापट करायची नाही, दर वेळी हलवलंस की वेग सांडतो. डोकं खाली, लांबवरचा एकच बिंदू धरायचा. लोक ओरडतील, त्यांना ओरडू दे, लोक तेवढ्यासाठीच येतात. आर्वो गाडीच्या बाजूने धावायचा आणि मुद्दाम माझ्या नावाने काहीबाही ओरडायचा. मी वळून पाहिलं की बाई म्हणायच्या, "पुन्हा." वर ढकलायची, पुन्हा. मला भीती वाटते असं मी एकदा म्हटलं. बाई म्हणाल्या, "चांगलं आहे. ज्याला वाटत नाही त्याला मी गाडी देत नाही."

शर्यतीच्या सकाळी बाबांचं जहाज चुनखडी उतरवायला आमच्याच धक्क्याला लागलं. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. आईने त्यांना फोनवर काही सांगितलं नव्हतं, कारण आर्वोने तिला शपथ घातली होती. थोडक्या वेळाची सुट्टी काढून, अंगावरच्या पांढऱ्या धुळीसकट बाबा चर्चच्या उताराकडे चालत निघाले ते आपल्या मुलाला बघायला.

ते पोचले तेव्हा अंतिम फेरी होती. कुणावर अन्याय नको म्हणून लेन आणि चाकं आपापसांत बदलून दुसऱ्यांदा धावायचं होतं. गाड्या सुटल्या. त्यांना दिसली ती आपली हिरवी गाडी आणि हेल्मेट. आणि गर्दीतून तो आवाज आला, धक्क्यावरून जहाजावर पोचणारा आवाज, "आर्वो! डोकं खाली! खाली, आर्वो!"

तो आवाज मी ओळखला. तुम्हीच सांगा, सगळा वसंत ज्या आवाजाची वाट बघितली तो आवाज कानावर पडल्यावर दहा वर्षांच्या मुलीने काय करावं? मान वळवावी असं मला किती वाटलं! पण मी वळवली नाही. डोकं आणखी खाली घातलं. हिरवं नाक पुढे निघालं आणि जेमतेम वीतभराने आम्ही जिंकलो.

आर्वो मला गाडीतून बाहेर ओढत होता. हेल्मेट निघालं, वेणी बाहेर पडली आणि बाबा समोर येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून गाडीच्या नाकावर बोट टेकवलं.

"हे स्क्रू माझे नाहीत."

"नाहीत," आर्वो म्हणाला. "तुमचे नाहीत, माझेही नाहीत. सगळे तिचे."

"आणि तू?"

आर्वो माझं हेल्मेट हातात फिरवायला लागला. तेव्हा त्याच्या मागून बाई म्हणाल्या, "हौताला, त्या पोराकडे जरा नीट बघ."

बाबा सरळ उभे राहिले आणि त्यांनी पाहिलं. आर्वोचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होते. बाबांनी हात आपल्या हनुवटीपाशी धरला. "मी गेलो तेव्हा तू इथे होतास," ते म्हणाले. "इथे. हे कधी झालं?"

"मी काही केलं नाही हो बाबा," आर्वो म्हणाला. "मी दूधसुद्धा सोडलं होतं." आणि तो ढसाढसा रडला. तेवढा उंच मुलगा, सगळ्या गावासमोर. बाबांनी त्याला जवळ घेतलं, तर त्याच्या निळ्या शर्टावर चुनखडीचे दोन पांढरे पंजे उठले. आईने तो शर्ट पुढे कितीतरी दिवस धुवायला टाकला नाही.

जिंकले म्हणून ॲक्रनच्या देशपातळीवरच्या शर्यतीला गेले आणि पहिल्याच फेरीत हरले. पाहुणे मंडळी, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आर्वो पुढे हिवाळ्यात बाबांबरोबर आणखी बरंच काही बांधायला शिकला. आज त्याच्या हाताखाली लोक होड्या बांधतात, आणि तो त्यांच्यावर कसा ओरडतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

मंडळी, त्या वसंतात बाईंनी काय केलं याचा मी पुष्कळदा विचार केलाय. एका मुलाचं मन मोडणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ते मोडू दिलं, पण त्याला एकटं सोडलं नाही. आणि माझ्यासारख्या सफरचंद खाणाऱ्या पोरीच्या हातात पाना दिला. अशी किती मुलं असतील? या सभागृहात ज्यांना बाई कधी तरी "पुन्हा" म्हणाल्या असतील, त्यांनी जरा हात वर करा. बघा बाई! अहो प्रिंगलसाहेब, तुम्हीसुद्धा?

आता बाई मुलाकडे डुलुथला चालल्यात. सरोवर वेगळं, हिवाळा अधिक कडक. तिथल्या मुलांनो, सावध!

अध्यक्षमहाराज, आपण मला दिलेला वेळ मी कधीच ओलांडला आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा अंमळ जास्त झाली असेल, तर ते पोटात घाला आणि मोठ्या मनाने विसरून जा. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार, मासे उत्कृष्ट झालेत. आपण सर्वांनी इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे.

कोव्हॅचबाई, आता जरा उभ्या राहा. नाही, भाषण करायचं नाहीये. मागे बसलेल्या लहान मुलांना तुम्ही नीट दिसत नाही आहात.