पॅनलवरच्या गोधड्या

आमच्या बाबाचं सोलरचं वेड तुमाले ठाऊकच हाय. मी गोंदियावरून बालाघाटले माहेरी आली, की माझी इलेक्ट्रिक गाडी घरच्या उन्हावरच चार्ज करायची, लाईनवर नाही, हा त्यायचा नियम.

परवा निघायच्या दिवशी ऊन कडक, पण गाडी काही चार्ज होईना. छतावर जाऊन पाहते तं साऱ्या पॅनलवर गोधड्या वाळत घातलेल्या! आई तं गुडघ्यापायी जिना चढतच नाही. मी वरूनच ओरडली, "बाबा, गोधड्या इथं काहून टाकल्या?"

"ओल्या हायेत. वाळू दे. उद्या जाजो."

हात लावून पाहिलं, तं एकूणएक कोरडी ठक्क.

मंग काय, टाकीतून बादलीभर पाणी काढलं, अन् साऱ्यायवर ओतलं.