कुसुमताईंचं गाणं

आमची आई एका कॅसेटवर जळली, हे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

परवा ऑफिसातला सर्व्हर बंद पडला आणि आम्हाला जेवणाच्या सुट्टीतच घरी सोडलं. आयती दुपार मिळाली, म्हणून मी बाबांच्या जुन्या कॅसेटची पेटी काढली. वाजतील त्या ठेवायच्या, बाकीच्या टाकायच्या, असं ठरलं. बाबा टेपरेकॉर्डर पुसून बसले. आई शेजारीच आमसुलं निवडत होती.

एका कॅसेटमध्ये कुणा बाईंचं नाट्यगीत लागलं आणि बाबा मान डोलवायला लागले.

"कोण हो या?" मी विचारलं.

"कुसुमताई. चिपळूणला माझ्या ऑफिसात होत्या. गणपतीत गायल्या तेव्हा मीच टेप केलं. काय गळा होता."

"बंद करा ते," आई म्हणाली. "बुरशीचा वास येतोय."

"अगं, गाण्याला कसला वास?" बाबा म्हणाले.

आईने हातातली आमसुलं खाली ठेवली. "लग्न झाल्यापासून मी रोज तिन्हीसांजेला देवापुढे गाते. माझं कधी एकदा तरी टेप केलंत काय?"

बाबांनी गाणं बंद केलं. मग त्यांनी पेटीतून एक कोरी कॅसेट शोधली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि म्हणाले, "म्हण. आत्ता करतो."

आईने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "कोरी नको. त्या कुसुमताईंवरच करा."