कच्ची शिलाई

(शिंप्याचं दुकान. काका काजं करतोय. पुतणी कापायच्या टेबलावर कागद पसरून बसली आहे.)

पुतणी : दवाखान्यातून फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होता, काका?

काका : बाही जोडत होतो. रोज तब्येत कशी आहे ते सांगायचे. त्या दिवशी नुसतं म्हणाले, ‘या.’ तेव्हाच कळलं, तुझी काकू गेली.

पुतणी : मग?

काका : बाही पुरी केली. मग गेलो.

पुतणी : थांबा, लिहिते... ऐका. ‘पत्नीच्या निधनाच्या धक्क्याने निवेदक भावनिकदृष्ट्या बधिर झाला.’

काका : हा कोण?

पुतणी : तुम्ही.

काका : मला नाही बसत. काखेत ओढतंय.

पुतणी : प्रबंधात असंच लिहितात.

काका : मग वाचून कशाला दाखवलंस?

पुतणी : काकूची पद्धत ना ती. बायकांची बोलणी लिहून आणायची आणि ज्या बाईचं बोलणं तिलाच परत वाचून दाखवायची. तिनं मान हलवली की मगच पक्कं. मला तसंच करायचंय. पण सर म्हणतात, याला परदेशातल्या कुठल्या पुस्तकाचा आधार आहे? मी म्हटलं, माझी काकू आयुष्यभर असंच करायची. तर म्हणाले, काकू कुठे गाजल्या?

काका : गल्लीत.

पुतणी : वर म्हणतात, वाचून दाखवलं की माणूस बदल सुचवतो. पुरावा बिघडतो.

काका : कच्ची शिलाई मारून गिऱ्हाइकाला अंगात घालून बघायला बोलावलं की कापड बिघडतं का? ते बघूनच उचललं तिनं. इथेच बसायची, तू बसलीस तिथे. बटण मात्र जन्मात धड लावता आलं नाही.

पुतणी : मग तुमचं काय लिहू?

काका : बाही पुरी केली, मग गेला.

पुतणी : सर विचारतील, आधी बाही कशाला?

काका : ब्लाउज तिचाच होता. जुने सगळे सैल व्हायला लागले होते. घरी येताना घालायला म्हणून शिवत होतो.

पुतणी : ...हे लिहू?

काका : लिही. आणि वाच.

पुतणी : ‘तिला घरी येताना घालायला ब्लाउज शिवत होता. बाही पुरी केली, मग गेला.’

काका : हं.

पुतणी : मान नाही हलवलीत.

काका : हलवतो. जरा दम धर. तिनं माझंही बोलणं लिहून घेतलं होतं. आमच्या संसाराचं. आजारी पडायच्या आधी.

पुतणी : तेव्हा तरी हलवलीत का?

काका : वाचून दाखवायचं राहिलं.