शिमसाहेब आणि कलम चार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, हेजिन नगर परिषदेचे सभापती; व्यासपीठावरचे नवे ठाणेप्रमुख; आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती हवालदार शिम दोक-सू आणि वहिनी; आणि मासळीच्या कारखान्यातून रजा टाकून आलेल्या माझ्या पोरींनो,

मी ओक-बुन. बंदरावर माझं सूपचं दुकान आहे. मघाशी एक अधिकारी माझ्या कानाशी लागले, "मावशी, बदलीचा विषय तेवढा काढू नका हं." बरं झालं, मी विसरलेच असते!

तीन वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या लुआचं मनगट कारखान्यातल्या मुकादमाने मोडलं. मी म्हटलं, "चल चौकीत." तर ती रडायला लागली. "नको मावशी, तिथे आधी व्हिसा विचारतात. माझा संपलाय." मार खाल्लेलीलाच जिथे घाम फुटतो, ती चौकी कुणासाठी असते हो?

मी एकटीच गेले आणि शिमसाहेबांना नको नको ते बोलले. ते टोपी घालून माझ्याबरोबर दुकानात आले. लुआला विचारलं, "जेवलीस का?" मग विचारलं, "कुणी मारलं?" तिसरा प्रश्न नाहीच. मुकादम तुरुंगात गेला, लुआला राहायची परवानगी मिळाली. आणि साहेबांना? कागद तपासले नाहीत म्हणून बेटावर बदली!

तेव्हा आम्ही पेटलो. भला माणूस हलवता येतो ना? मग कायदाच करू, तो हलवून दाखवा! सहा हजार सह्या जमवल्या. परिषदेत एक सदस्य म्हणाले, "पोलिसांनी काय विचारायचं, ते आता सूपवाल्या ठरवणार?" मी म्हटलं, "हो. मार आमच्या पोरी खातात, तुम्ही नाही."

परिषदेत साक्षीला जाऊ नका, असं वरिष्ठांनी साहेबांना बजावलं होतं. ते रजा काढून, बोटीने, वर्दीत आले. म्हणाले, "वस्ती भिऊन गप्प बसली, की चोर सुखी होतात. मला बोलणारी वस्ती हवी." एका मताच्या फरकाने कायदा झाला. कलम चार : तक्रार करणाऱ्याला कागद विचारायचे नाहीत, आणि दर महिन्याला ठाणेप्रमुखांनी स्वतः वस्तीसमोर बसून उत्तरं द्यायची.

स्वतः. नवे साहेब, दोन सभांना तुम्ही दुय्यम अधिकारी धाडलात. येत्या मंगळवारी दुपारी तीनला बाजाराच्या सभागृहात आम्ही चारशे जण असू. तुम्ही आला नाहीत, तर चारशेच्या चारशे ठाण्यात येऊ.

शिमसाहेब, आता घरी खुशाल झोपा. तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून तर कायदा केला.

अध्यक्षांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. मंगळवारची गैरहजेरी मात्र आम्ही पोटात घालणार नाही.